नारायणकाकांच्या कॉम्प्युटरातलं मंडळ

नारायणकाकांचा कॉम्प्युटर चालू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस हरिपूरला जाऊन, संगमेश्वराचं दर्शन घेऊन, येताना भाजी घेऊन परत येईल, असं विनोदिनीकाकू म्हणायच्या. काकू वाईच्या. वाईच्या माणसांना वाढवून बोलायची सवय असते असं काका म्हणायचे. पण या बाबतीत काकूंचं फारसं काही चुकत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सकाळी उठलं की काका बटण दाबायचे आणि चहाचं आधण ठेवायला जायचे. पहिला यायचा भाऊसो. अख्ख्या पडद्यावर त्याचेच फोटो, एकामागून एक, फेटा बांधून, गालाला लाली लावून, छाती काढून. "या राजे," काका स्वयंपाकघरातूनच म्हणायचे, "तुमच्याआधी कोण येतंय!" मग एक चौकट उघडायची आणि त्यात लिहून यायचं, 'नमस्कार धनाजीराव, आज काय टाईप करायचं?' धनाजीराव लोणंदला लेकाकडं जाऊन राहिल्याला किती वर्षं झाली, पण चौकट आपली रोज विचारतेय. मग एक प्रिंटर शोधणारा यायचा. तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता, पण ह्याचा शोध काही संपत नव्हता. आणि सगळ्यांच्या शेवटी, चहा गाळून कपात आला की, नाकातून बोलणारी एक बाई बोलायची, "सुप्रभात. आजचे पंचांग ऐका." तिथी, नक्षत्र, राहूकाळ, सगळं सांगायची. ते पंचांग सुमंतनं टाकलेलं.

"उठलं का तुमचं मंडळ?" काकू विचारायच्या.

"उठलं, उठलं."

"मग आता तो पेपर तरी उघडा, म्हणजे बातम्या शिळ्या व्हायच्या आत वाचून होतील."

मंडळ म्हणजे हरिपूर रस्ता हौशी नाट्यमंडळ. सांगलीत मुलगा जरा मोठ्यानं रडला तरी शेजारी म्हणतात, ह्याला नाटकात घाला. असल्या गावात नाट्यमंडळं काही कमी नव्हती, पण या चौघांच्या मंडळाचा एक रुबाब होता. सुमंत दिग्दर्शक, तोंडाळ आणि शिस्तीचा. मुहूर्त बघितल्याशिवाय तालमीचा नारळसुद्धा फोडायचा नाही. भाऊसो तासगावकडचा, द्राक्षबागायतदार, उंचापुरा, नायक. धनाजी संहिता लिहायचा, पाठ करून घ्यायचा, पोस्टरंही लिहायचा. आणि नारायण? नारायण दिवसा हळदीच्या अडत दुकानात हिशेबनीस, आणि संध्याकाळी विंगेत प्रॉम्प्टर.

प्रॉम्प्टर चांगला कोणता, तर जो आहे हे कुणाला कळत नाही तो. काकांनी हे काम असं केलं की बस्स. साताऱ्याच्या स्पर्धेत भाऊसो ऐन दुसऱ्या अंकात सपशेल कोरा झाला. नुसता डोळे विस्फारून उभा. काकांनी विंगेतून पानभर भाषण ओठांतल्या ओठांत त्याच्या कानात ओतलं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या परीक्षकांना पत्ता लागला नाही. भाऊसोला अभिनयाचं बक्षीस मिळालं. पार्टीत भाऊसो म्हणाला, "गड्या नारायणा, बक्षीस तुजं, फेटा तेवडा माजा." त्या एका वाक्यावर काका पुढं कितीतरी दिवस खूष होते. पार्श्वसंगीतही तेच द्यायचे. आधी टेपरेकॉर्डर, मग कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर मंडळानंच घेतलेला. ठेवायचा कुठं? तर नारायणकडं, कारण त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. कृष्णामाई कितीही चढली तरी तिथवर यायची नाही. झालं, काकांची पुढची खोली म्हणजे मंडळाचं ऑफिस झालं. ज्यानं त्यानं आपलं आपलं त्या मशीनमध्ये टाकलं, आणि प्रत्येकाचा हट्ट एकच, मशीन चालू झालं की माझं आपोआप सुरू झालं पाहिजे. सुमंतला आल्या आल्या मुहूर्त ऐकायचा असे. धनाजीला शोधाशोध नको असे. भाऊसोचं तर काय बोलायलाच नको. त्याला फक्त आपण दिसायला हवं होतं.

मग सुमंत गेला. धनाजी लोणंदला गेला. भाऊसोचे गुडघे गेले, तो बागेतल्या घरातून हलेना. मंडळ बंद झालं असं कुणीच कधी म्हटलं नाही. नुसते फोन यायचे बंद झाले, मग दिवाळीचे तेवढे राहिले. पण रोज सकाळी बटण दाबलं की तिघं हजर. मशीन बदलायचा विषय निघाला की काका वसकन अंगावर यायचे. सुटे भाग बदलले, आत नवं काय काय भरून घेतलं, पण ही आपोआप उठणारी मंडळी दर वेळी तशीच उचलून आणून बसवायला लावली. दुरुस्तीवाला म्हणायचा, "काका, एवढं सगळं एकदम उठतंय म्हणून मशीन दमतंय. बंद करू का?" काका म्हणायचे, "तू तुझं काम कर."

आणि एक दिवस दारात सुमंतची ज्ञानदा उभी. कॉलेजात शिकवते, नाटकं बसवते, बापाचंच नाक आणि बापाचीच जीभ. म्हणाली, "काका, रंगभूमी दिनाला 'उंबऱ्यावरचा पाहुणा' करतेय. बाबांनी बसवलेलं. नवी मुलं आहेत सगळी. पार्श्वसंगीत मात्र जुनंच हवंय, आणि ते तुमच्याकडंच आहे."

ते खरंच काकांकडंच होतं. घाटावरच्या संध्याकाळच्या घंटा, टांग्याचे घुंगरू, मिरजेच्या यार्डातल्या मालगाडीचा खडखडाट, सगळं काका आणि सुमंतनं स्वतः हिंडून गोळा केलेलं. जुन्या कसल्यातरी प्रोग्रॅममध्ये ठेवलेलं, दुसऱ्या मशीनवर उघडतच नव्हतं. ज्ञानदाचा तांत्रिक माणूस यशराज लॅपटॉप घेऊन आला, बराच वेळ खटपट केली आणि शेवटी त्यानं हात टेकले. काका चेहरा गंभीर ठेवून बसले होते, पण आतून नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

"मग मशीनसकट तुम्हीच या," ज्ञानदा म्हणाली. "विंगेत बसा."

ती गेल्यावर काका उगीचच खोलीभर फिरले. परत विंग! पडद्याचा तो धुळकट वास, मेकअपच्या खोलीतली धांदल, ती तिसरी घंटा. काकूंना म्हणाले, "अगं, मला वाटलं होतं, आता सरळ स्मशानातच जायचं, विंगेत काही जाणं होत नाही."

"शुभ बोला हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा बरा सदरा इस्त्रीला काढला.

पहिली तालीम हॉलवर. मशीन रिक्षातून मांडीवर घेऊन काका गेले, लेकराला दवाखान्यात नेतात तसे. बटण दाबलं. भाऊसो आला, मुलं हसली. धनाजी आला. प्रिंटर शोधणारा आला. ज्ञानदा घड्याळ बघत उभी. शेवटी आवाजांचा प्रोग्रॅम उघडला आणि काकांनी मान हलवली, चालू द्या. पंचांग अजून उठलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. घरी ते चहाच्या वेळी उठायचं. इथं चहा कुठला!

नायिका मरणशय्येवर. घाटावरच्या घंटा मंद वाजतायत. नायक तिचा हात हातात घेतो, तिचे डोळे मिटतात, सगळा हॉल चिडीचूप. आणि स्पीकरमधून ती नाकातली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "सुप्रभात. आजचा दिवस शुभकार्यास अनुकूल आहे."

मेलेली नायिका हसत हसत कॉटवरून खाली आली. पोरं पोट धरून लोळली. हसली नाही ती एकटी ज्ञानदा. काकांचं तर तोंड एवढंसं झालं.

"काका, रंगीत तालमीपर्यंत हे मशीन गप्प झालं पाहिजे आणि चटकन उघडलं पाहिजे," ती म्हणाली. "नाही जमलं तर यशराज नेटवरून दुसऱ्या घंटा, दुसरी गाडी शोधेल आणि लॅपटॉपवर तोच बसेल. मला ते नकोय. पण प्रयोगात असं झालं तर बाबांचं नाटक हसण्यावारी जाईल."

म्हणजे बघा, हातातोंडाशी आलेली विंग आता त्या मशीनच्या गप्प बसण्यावर अवलंबून.

घरी येऊन काका बसले. दुरुस्तीवाल्याला बोलावलं नाही, कारण तो काय करील हे माहीत होतं. त्याला बघून बघून कुठं काय असतं ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. मशीनच्या पोटात एक पान उघडतं, आणि चालू होताना कोण कोण आपोआप उठतं ते सगळे तिथं रांगेत दिसतात. नावावर उजवं बटण दाबायचं आणि 'बंद' म्हणायचं. नाव पुसलं जात नाही, नुसतं आपोआप उठायचं थांबतं. हवं तेव्हा आपण हातानं उठवायचं. एवढं सोपं काम. पण नारायणकाकांनी ते कसं केलं, ऐका.

त्यांनी वरून एकेक नाव बघायला सुरुवात केली. भाऊसोचे फोटो? हा आपला. राहू दे. धनाजीचं टाईपिंग? घरचा माणूस. पंचांग? छे छे, त्याला हात लावायचा नाही, फक्त आवाज बारीक करू. मग खाली सगळी परकी नावं. हा कोण? कुठल्या कंपनीचा कोण, आपल्या मंडळात कधी बघितला नाही. बंद! हा दुसरा? ह्याची तर ओळखच नाही. बंद! अशी पाचसहा परकी मंडळी धडाधड दाराबाहेर काढली. प्रिंटरवाला मंडळातला नव्हता, तोही गेला. मशीन थोडं हलकं झालंही. काकांना वाटलं, जिंकली.

अहो, घरच्यांना पोसायचं आणि कामाच्यांना घालवायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. सोसायट्या बुडाल्या, बँका बुडाल्या, मग कॉम्प्युटरला काय वेगळा न्याय?

रंगीत तालमीला पडदा वर गेला. पाहुणा टांग्यातून उतरतो तो प्रवेश. काकांनी घुंगरू वाजवले. आवाजच नाही. पुन्हा दाबलं. शांतता. नायक टांग्यातून उतरल्यासारखं करून बिचारा उभाच. मशीनमधून आवाज बाहेर ॲम्प्लिफायरला नेणारी एक पेटी असते, आणि तिला चालवणारा प्रोग्रॅम काकांनी 'ओळख नाही' म्हणून बंद केला होता. यशराजनं तो शोधून परत चालू केला तेव्हा ते पान ज्ञानदानंही बघितलं. आत भाऊसो, धनाजी आणि पंचांग तेवढे मजेत चालू.

"काका, हे काय केलंत? कामाची होती ती घालवलीत, आणि ही नको ती ठेवलीत! ते पंचांग तरी बंद करायचं की नाही?"

काका खाली बघत म्हणाले, "ते तुझ्या बाबांनी टाकलंय."

ज्ञानदा खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. 

"रोज सकाळी ऐकता?"

"रोज. भाऊसो येतो, धनाजी येतो, मग तुझे बाबा. मला काय, मंडळ भरल्यासारखं वाटतं गं. वेडेपणा आहे, कळतं मला."

ज्ञानदानं ओढणीनं डोळे पुसले. मग नाक ओढून बापाच्याच आवाजात म्हणाली, "काका, तालमीत मध्येच कुणी बोललं तर बाबा काय करायचे?"

"बखोट धरून बाहेर काढायचे."

"मग ते स्वतः बोलले असते तर स्वतःलासुद्धा काढलं असतं त्यांनी. उद्या सकाळी मला एकच सांगा, मशीन गप्प राहील की नाही. नसेल तर यशराज बसेल. मला वाईट वाटेल, पण बसेल."

काका मशीन घेऊन रिक्षानं घरी आले. आल्यावर भाऊसोला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून भाऊसो खो खो हसायला लागला.

"आरं म्हंजी माजं फोटू तू अजून रोज बगतोस व्हय? आमच्या घरात कुणी बगत न्हाई रं! बंद कर की गड्या, त्यात काय ईचारायचं? मी सवता बंद पडायच्या वाटंवर हाय." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "तू ईंगंत जातोयस न्हवं? मग झालं की. आमच्यातलं कुणीतरी जातंय. न्हाईतर आमी समदी तुज्या त्या डब्यात बसून ऱ्हायलो आन् तूबी भाईर ऱ्हायलास, तर लय वंगाळ दिसंल बग."

काकांनी फोन ठेवला. धनाजीला फोन केला नाही. केला असता तर त्यानं आधी तासभर रागावून घेतलं असतं आणि मग हेच सांगितलं असतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं. आधण ठेवलं नाही, मशीनसमोरच बसून राहिले. भाऊसो आला. सगळे फोटो त्यांनी शेवटपर्यंत बघितले आणि मग त्याचं नाव बंद केलं. धनाजीची चौकट आली, आज काय टाईप करायचं म्हणून. "काही नाही रे, झालं आपलं लिहून," काका म्हणाले, आणि तीही बंद केली. पंचांगवाली बाई बोलायला लागली तेव्हा तिचं सगळं बोलणं होऊ दिलं. तिथी झाली, नक्षत्र झालं, राहूकाळ झाला. सुमंतचं बोलणं मध्ये तोडायची त्यांची कधी हिंमत झाली नव्हती. ती गप्प झाल्यावर त्यांनी तिसरं नाव बंद केलं.

मग मशीन पुरतं बंद करून पुन्हा चालू केलं. डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर उघडलं. स्वच्छ, मोकळं, कुणी नाही.

काकू चहा घेऊन आल्या. "आज मंडळ नाही उठलं?"

काकांनी तोंड फिरवलं. काकूंनी कप खाली ठेवला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रडा की जरा. मी काय कुणाला सांगायला जातेय?" आणि काका रडले. लहान पोरासारखे रडले. सुमंत गेला तेव्हाही असे रडले नव्हते. त्या वेळी दुसऱ्या सकाळी पंचांग बोललंच होतं ना!

मशीन गप्प राहील, असं काकांनी ज्ञानदाला फोन करून सांगितलं. संध्याकाळी नाट्यगृह भरलं. विंगेत काकांनी मशीन मांडलं, बटण दाबलं आणि ते लगेच तयार. घंटा, घुंगरू, गाडी, सगळं एकदा हळू वाजवून बघितलं. झालं. आता पुढं काय करायचं हेच त्यांना सुचेना. आयुष्यात प्रयोगाआधी त्यांना कधी मोकळा वेळ मिळालाच नव्हता. पडद्यामागं सगळे नट गोल उभे राहून नांदी म्हणतात, नारळ फुटतो, पाया पडतात. पण नारायण त्या गोलात कधीच नव्हता. आधी टेप गुंडाळायची असायची, नंतर हे मशीन उठायची वाट बघायची असायची. इतक्या वर्षांच्या नांद्या त्यांनी विंगेतून, मशीनवर डोळा ठेवून ऐकलेल्या.

रंगमंचावर गोल जमला. ज्ञानदानं वळून विंगेकडं बघितलं.

"काका, मशीन तयार आहे ना?"

"तयार आहे."

"मग तिकडं काय करताय? या की इकडं."

काका सदरा ओढत, चपला काढून बाहेर आले. यशराज सरकला, त्यानं जागा दिली. एका बाजूला त्याचा हात, दुसऱ्या बाजूला ज्ञानदाचा. नांदी सुरू झाली. पहिली ओळ पोरांनी जोरात म्हटली, आणि दुसऱ्या ओळीला सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. एकालाही येत नव्हती. काकांचे ओठ आपोआप हलले. वर्षानुवर्षं हलायचे तसेच, फक्त शेजारच्याच्या कानापुरते, पलीकडं अजिबात जाऊ न देता.

ज्ञानदानं त्यांचा हात दाबला. "मोठ्यानं, काका. आज कुणापासून लपवायचंय?"

काकांनी समोरच्या पडद्याकडं बघितलं. त्याच्या पलीकडं लोक खुर्च्या सरकवत होते, कुणीतरी खोकलं. त्या लोकांनी नारायणचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. मग त्यांनी घसा खाकरला आणि दुसरी ओळ अशी म्हटली की शेवटच्या रांगेतलं खोकणं थांबलं.